मलम संपतं, खाज परत येते: बुरशीचा त्रास आणि बी-१२ ची कमतरता



आजचा विषय असा आहे की त्याचं नाव घरात कुणी मोठ्यानं घेत नाही. मेडिकलच्या दुकानात जायची वेळ आली तरी आपण मुलाला पाठवतो, आणि मुलगा नुसतं "खाजेचं मलम द्या" एवढंच सांगतो. खाज कुठं आहे, किती दिवस आहे, कितव्यांदा आली आहे, हे दुकानदाराला कळत नाही आणि तोही विचारत नाही.

खालच्या जागी खाज सुटते, लघवीला आग होते, दह्याच्या कवड्यांसारखं पांढरं जातं. मलम लावलं की आठ दिवस बरं वाटतं. पुढच्या पाळीच्या आधी परत तेच सुरू. अशा काही बायकांची आणखीही एक तक्रार असते. अंग गळून जातं, पायाला मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी होते, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी येतं. त्यांना डॉक्टरांनी "बी-१२ कमी आहे" असं सांगितलेलं असतं आणि लाल रंगाच्या सुयाही दिलेल्या असतात.

मग मनात प्रश्न येतो. ही दोन दुखणी एकमेकांशी जोडलेली आहेत का? बी-१२ भरून निघालं की खाज आपोआप थांबेल का?

उत्तर आधीच सांगतो. बी-१२ ची सुई हे खाजेचं औषध नाही, आणि खाजेचं मलम हे थकव्याचं औषध नाही. पण दोन्ही त्रास एकाच बाईला होत असतील, तर दोन्हींच्या मागं एकच तिसरं कारण असू शकतं. ते शोधलं नाही तर मलमावर आणि सुयांवर पैसे जात राहतात आणि दुखणं तिथंच राहतं. म्हणून आज ते कारण कसं शोधायचं, ते बघू.

पांढरं जाणं सगळंच आजाराचं नसतं

आधी एक भीती काढून टाकू. दोन पाळ्यांच्या मध्ये अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागासारखं चिकट, तार सुटणारं पाणी जातं. पाळीच्या आधी आणि गरोदरपणात ते जरा वाढतं. त्याला वास नसतो, खाज नसते. हे शरीराचं रोजचं काम आहे. "पांढरं गेलं की हाडं झिजतात, अंगातली ताकद निघून जाते" असं आपण ऐकत आलो आहोत, पण त्यात तथ्य नाही. हाडं पाण्यावाटे जात नाहीत. पांढरं जाणारी बाई थकलेली असेल तर थकव्याचं कारण वेगळं शोधावं लागतं. बहुतेक वेळा ते रक्तात सापडतं.

आजाराचं पांढरं वेगळं ओळखू येतं. घट्ट, दह्यासारखं, वास नसलेलं, आणि सोबत जोराची खाज असेल तर ते बहुतेक बुरशीचं. पातळ, राखाडी, माशासारखा वास येणारं असेल तर ते जिवाणूंचं. पिवळं-हिरवं, फेसाळ असेल तर तो आणखी वेगळा संसर्ग, आणि त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत. बुरशीचं मलम जिवाणूंवर चालत नाही. खाज "परत आली" असं आपण म्हणतो, तेव्हा कधीकधी ती मुळात बुरशी नसतेच, पहिल्या वेळेलाच औषध चुकलेलं असतं.

हे किती जणींना होतं? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली होती. ते काम १९८९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. १०० पैकी ९२ बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. बुरशीचा संसर्ग साधारण तिघींपैकी एकीला होता. आणि त्याआधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या १०० त जेमतेम ८. दुखणं घरोघर होतं, पण ते तपासलं कुणी नव्हतं. त्या अभ्यासाला पस्तीस वर्षांहून जास्त काळ लोटला. आपल्या गटात आतून तपासणी झालेल्या किती जणी आहेत, हे आपणच एकदा मोजून बघावं.

बुरशी वाढते कशी

या बुरशीचं नाव कँडिडा. ताक आंबवणारे, इडलीचं पीठ फुगवणारे जसे डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, तशातलाच हा एक. तो बाहेरूनच येतो असं नाही. पुष्कळ निरोगी बायकांच्या मायांगात, तोंडात, आतड्यात तो थोडा असतोच. मायांगात काही चांगले जिवाणूही असतात. ते तिथं आंबटपणा राखतात आणि बुरशीला डोकं वर काढू देत नाहीत. हा तोल बिघडला की बुरशी वाढते. चारपैकी साधारण तिघींना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यात बाईच्या चारित्र्याचा काही संबंध नसतो, नवऱ्याच्याही नसतो. कुमारिकेला होतो, विधवेलाही होतो. खाजेवरून घरात संशय घेतला जात असेल तर हे वाक्य नवऱ्यालाही वाचून दाखवा.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा बुरशी झाली, तर डॉक्टर तिला "वारंवार होणारा संसर्ग" म्हणतात. अशा वेळी नुसतं मलम बदलून भागत नाही.

आपण राहुरीची माणसं, उसातला लव्हाळा आपल्याला चांगला ठाऊक आहे. वरून खुरपला की रान स्वच्छ दिसतं, पण खाली गाठी तशाच राहतात आणि पाणी दिलं की परत कोंब येतात. बुरशीचंही तसंच आहे. मलम वरचं खुरपतं. खाली तिला ओल आणि खाद्य कुठून मिळतं, ते बघावं लागतं.

बी-१२ म्हणजे काय, आणि ते कमी का पडतं

बी-१२ हे एक जीवनसत्त्व आहे. रक्ताच्या लाल पेशी तयार करायला आणि नसा शाबूत ठेवायला ते लागतं. दिवसाला लागतं किती? अडीच मायक्रोग्रॅमच्या आत. म्हणजे मिठाच्या एका कणाहूनही कितीतरी कमी. पण तेवढंही मिळालं नाही तर दोन-पाच वर्षांत लिव्हरमधला साठा संपतो. मग थकवा, धाप, चेहरा फिकट पडणं, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, ओठांचे कोपरे चिरणं, हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा असं एकेक दिसू लागतं. नसांचं नुकसान फार दिवस राहिलं तर ते पूर्ण भरून येत नाही. म्हणून मुंग्यांकडं दुर्लक्ष करू नये.

हे जीवनसत्त्व झाडपाल्यात नसतं. मेथी, शेपू, अळू, शेवगा यांतून इतर पुष्कळ चांगलं मिळतं, पण बी-१२ मिळत नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण आणि विशेषतः कलेजीत असतं.

महाराष्ट्रात ही कमतरता किती आहे, याचा अभ्यास पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांपासून सुरुवात केली. त्या गरोदर बायकांपैकी साधारण दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं. पालेभाजीतून मिळणारं फोलेट मात्र जवळपास सगळ्यांचं ठीक होतं. त्या बायका आपल्यासारख्याच होत्या. शेतात राबणाऱ्या, भाकरी-भाजीवर दिवस काढणाऱ्या.

काही जणींचं बी-१२ खाणं चांगलं असूनही कमी असतं. त्यांच्या जठरात बी-१२ ला धरून आतड्यापर्यंत नेणारा एक पदार्थच तयार होत नाही. या आजाराला पर्निशिअस ॲनिमिया म्हणतात. कितीही दूध प्यायलं, अंडी खाल्ली तरी यांना पुरत नाही. त्यांना बी-१२ बाहेरून आयुष्यभर घ्यावं लागतं, बहुधा सुयांमधून. आतड्याचं ऑपरेशन झालेल्यांचंही असंच होऊ शकतं. म्हणून डॉक्टरांनी "सुया चालू ठेवा" असं सांगितलं असेल, तर बरं वाटलं म्हणून त्या मध्येच सोडू नयेत.

लाल गोळीत बी-१२ नसतं

इथं एक गैरसमज मोठा आहे. गरोदरपणात आशाताई देतात ती लाल गोळी लोह आणि फोलिक ॲसिडची असते. शाळेतल्या मुलींना मिळणारी निळी गोळीही तीच. ती घ्यायलाच हवी. पण तिच्यात बी-१२ नसतं.

फोलिक ॲसिडचा शोध जिथून सुरू झाला ते ठिकाण आपल्या जवळचंच आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. गरोदर बायकांना, त्यातही गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना, रक्त कमी होण्याचा एक जीवघेणा प्रकार होत होता. त्याचं कारण त्या शोधत होत्या. यीस्टपासून बनवलेला एक स्वस्त अर्क दिला की त्या बायका बऱ्या होतात, हे त्यांना दिसलं. १९३१ साली त्यांनी ते छापलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजेच पुढं ओळखलं गेलेलं फोलेट. गंमत बघा, एक यीस्ट आपल्याला खाज देतं, आणि दुसऱ्या यीस्टनं मुंबईच्या बायकांचे जीव वाचवले.

त्या कामातून डॉक्टरांना कळलं की रक्त कमी होण्याचं कारण एकच नसतं. लोह कमी असेल तर लोह, फोलेट कमी असेल तर फोलेट, बी-१२ कमी असेल तर बी-१२ च द्यावं लागतं. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्ताचा आकडा सुधारलेला दिसतो, पण नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. लाल गोळ्या नियमानं घेऊनही पायाच्या मुंग्या जात नसतील, तर डॉक्टरांना बी-१२ बद्दल आवर्जून विचारा.

दोन्ही त्रास एकत्र का येतात

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. बी-१२ आणि बुरशी यांचा संबंध तीन वाटांनी येतो.

पहिली वाट तोंडाची. बी-१२ किंवा लोह कमी असलं की जिभेवरचं, ओठांच्या कोपऱ्यांवरचं नाजूक कातडं पातळ होतं, चिरतं, आणि त्या चिरांमध्ये बुरशी बसते. ओठांचे कोपरे सारखे फुटत असतील, तोंड सारखं येत असेल, तर नुसतं तूप लावून थांबू नका, रक्त तपासा. मायांगाच्या बुरशीचं मात्र असं नाही. फक्त बी-१२ कमी आहे म्हणून तिथं वारंवार बुरशी होते, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळालेला नाही. म्हणून बी-१२ कमी निघालं की "हेच खाजेचं कारण" असं समजून शोध थांबवू नये.

दुसरी वाट साखरेची, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. रक्तात साखर वाढली की ती लघवीत उतरते, अंगाच्या ओलसर जागी पोचते. बुरशीला ते आयतं खाद्य. वारंवार खाज हे मधुमेहाचं पहिलं लक्षण असू शकतं. पुष्कळ बायकांचा मधुमेह असाच, खाजेच्या निमित्तानं सापडतो.

आणि मधुमेहाचं औषध सुरू झालं की बी-१२ ची गोष्ट येते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची सगळ्यात जास्त दिली जाणारी गोळी. चांगली, स्वस्त, जुनी गोळी आहे. पण ती वर्षानुवर्षं घेतली तर काही जणांच्या आतड्यात बी-१२ नीट शोषलं जात नाही. म्हणजे त्याच बाईला साखरेमुळं खाज, आणि गोळीमुळं बी-१२ कमी. दोन्ही तक्रारींचं मूळ मधुमेहात. त्यात मधुमेहानंही पायाला मुंग्या येतात आणि बी-१२ कमी असलं तरी येतात. तपासल्याशिवाय ते कळत नाही.

अलीकडं मधुमेहाच्या आणखी काही गोळ्या स्वस्त होऊन गावापर्यंत आल्या आहेत. त्यांच्या नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असतं, जसं डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. या गोळ्या रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या फायद्याच्या आहेत, पण खालच्या जागी बुरशी होणं हा त्यांचा ठाऊक असलेला त्रास आहे. गोळी बदलल्यापासून खाज सुरू झाली असेल तर पाकीट घेऊन डॉक्टरांकडं जा आणि तसं स्पष्ट सांगा. गोळी मनानं बंद करू नका. मेटफॉर्मिनही मनानं बंद करू नका. बी-१२ कमी झालं तर ते भरून काढता येतं, पण साखर मोकाट सुटली तर डोळे, पाय, मूत्रपिंड सगळंच जातं.

तिसरी वाट इतर औषधांची. सर्दी-तापाला दवाखान्यात गेलं की अँटिबायोटिकची गोळी किंवा सुई मिळते. ती आजाराच्या जिवाणूंबरोबर मायांगातले चांगले जिवाणूही मारते आणि बुरशीला रान मोकळं होतं. तशीच गोष्ट दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची. आणि ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी वर्षानुवर्षं घेतली तर अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही आणि ते कमी पडतं. "अशक्तपणा आलाय, सलाईन लावा" म्हणून आपण जातो, तेव्हा त्या सलाईनमध्ये काय काय घातलं ते कागदावर लिहून मागा. लाल रंग दिसला म्हणजे जीवनसत्त्व आहे, एवढंच कळतं. सोबत आणखी काय गेलं ते कळत नाही.

काय तपासून घ्यायचं

आपल्या रानाचं माती परीक्षण आपण करून घेतो. महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्याच तालुक्यात आहे. झिंक कमी आहे की नत्र, ते बघून खत टाकायचं हे घरातल्या पोरासोरांनाही माहीत झालंय. बाईच्या शरीराला मात्र काहीही न तपासता "टॉनिक" दिलं जातं. हे बदलायला हवं.

पहिली तपासणी साखरेची. तीस वर्षांवरच्या प्रत्येकीसाठी ती सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत आहे. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त आली तर तो मधुमेह असतो, पण खात्री करायला परत तपासतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.५ किंवा जास्त असेल तरीही मधुमेह.

दुसरी रक्ताची संपूर्ण तपासणी, म्हणजे सीबीसी. त्यात हिमोग्लोबिनबरोबर लाल पेशींचा आकारही कळतो. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फोलेट कमी असेल तर मोठ्या होतात. दोन्ही कमी असेल तर आकार मधलाच दिसतो आणि फसगत होते. म्हणून लक्षणं असतील तर तिसरी तपासणी, बी-१२ ची. २०० च्या खाली आकडा कमी समजतात. २०० ते ३०० मध्ये असेल तर डॉक्टर लक्षणं बघून ठरवतात. ही तपासणी सुया सुरू करण्याआधी करावी. सुया घेतल्यावर आकडा वर दिसतो आणि खरी स्थिती कळत नाही.

चौथी, आतून तपासणी. ही पाच मिनिटांची असते. लाज वाटते हे खरं. बाई डॉक्टर किंवा सिस्टर सोबत असाव्यात असं सांगायचा आपल्याला हक्क आहे. वारंवार त्रास होत असेल तर पाण्याचा नमुनाही तपासायला देता येतो. तीस वर्षांनंतर गर्भाशयाच्या तोंडाचीही तपासणी त्याच वेळी करून घ्यावी. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर परत रक्त दिसणं, ओटीपोटात दुखून ताप येणं, यांतलं काहीही असेल तर मलमाचा विचारसुद्धा करू नका, लगेच दवाखाना गाठा.

औषध घेताना

साध्या बुरशीला क्लोट्रिमाझोलची मायांगात ठेवायची गोळी किंवा मलम, नाहीतर फ्लुकोनाझोलची तोंडानं घ्यायची एक गोळी पुरते. सरकारी दवाखान्यात अंगावरून जाण्यासाठी हिरव्या रंगाचं किट मिळत आलं आहे. त्यात बुरशीची आणि जिवाणूंची दोन्ही औषधं असतात. खाज थांबली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करावेत. वारंवार होणाऱ्या त्रासाला डॉक्टर आठवड्यातून एक गोळी असं सहा महिन्यांपर्यंतही देतात. तो कोर्स डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यायचा.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. गरोदर बाईनं फ्लुकोनाझोलची गोळी आपल्या मनानं घेऊ नये. तिच्यासाठी मायांगात ठेवायचं औषध असतं. आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्या बाईनं फ्लुकोनाझोल घेण्याआधी डॉक्टरांना तसं सांगावं. दोन्ही एकत्र झाली तर साखर एकदम उतरू शकते.

दुकानातलं तीन-तीन औषधं मिसळलेलं मलम घेऊ नका. त्यात बहुधा स्टेरॉइड असतं. त्यानं दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून ते खपतं. पण कातडं पातळ होतं, बुरशी आत दबा धरून बसते आणि नंतर जास्त पसरते.

आत काही घालून धुवू नका. साबण, डेटॉल, तुरटीचं पाणी, लिंबू, कडुलिंबाचा काढा, दही, यांतलं काहीच नको. बाहेरून साध्या पाण्यानं धुतलं की पुरे. उसाला दारं धरताना, कांदा लावताना लुगडं-परकर ओले होतात आणि दिवसभर अंगावरच वाळतात. घरी आल्यावर आधी कोरडे कपडे घालावेत. आतले कपडे सुती असावेत, आणि ते साडीखाली झाकून न वाळवता उन्हात वाळवावेत. पाळीचे कपडेही तसेच. दोरीवर आपले कपडे उन्हात दिसले म्हणून काही बिघडत नाही.

दूध कुठं जातं?

मुळा धरणाच्या पाण्यावर आपल्या तालुक्यात ऊस, कांदा आणि चारा पिकतो, आणि चाऱ्यावर घरोघरी गाई उभ्या आहेत. पहाटे उठून शेण काढायचं, वैरण टाकायची, धार काढायची, हे काम बहुतेक बाईचं. मग किटली डेअरीला जाते. उरलेल्या पेलाभर दुधात चहा, पोरांना थोडं, म्हाताऱ्यांना थोडं. धार काढणाऱ्या बाईच्या वाट्याला कोरा चहा.

एका मोठ्या पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर दुधातून दिवसाच्या गरजेच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त बी-१२ मिळतं. दोन वेळा तेवढं दूध किंवा दही पोटात गेलं तर बऱ्यापैकी भर पडते. दूध फार वेळ उकळत ठेवलं, आटवलं, तर बी-१२ बरंच कमी होतं. एक उकळी पुरे. अंडं खाणाऱ्या घरात एका अंड्यातून साधारण अर्धा मायक्रोग्रॅम मिळतं. मटण आणलं त्या दिवशी कलेजीचे दोन तुकडे बाईच्या ताटातही पडावेत.

एकदा बी-१२ फार कमी झालं की मात्र नुसत्या दुधानं ते भरत नाही. तेव्हा गोळ्या किंवा सुया घ्याव्याच लागतात, आणि दूध पुढं ते टिकवायला.

गटाच्या पुढच्या बैठकीत

हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास काढा. सिस्टरना किंवा आशाताईंना बोलवा. तीस वर्षांवरच्या कुणाकुणाची साखर वर्षभरात तपासली नाही, त्यांची यादी करा आणि सगळ्या मिळून एकाच दिवशी उपकेंद्रात जा. एकटीला जायला संकोच वाटतो, दहाजणी गेल्या की वाटत नाही. कुणाला काय होतंय हे बैठकीत विचारू नका. ते तिनं सिस्टरना आत एकटीनं सांगायचं, आणि गटात ऐकलेलं गावात सांगायचं नाही.

ज्यांना वारंवार त्रास आहे त्यांनी एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात. खाज कोणत्या तारखेला सुरू झाली, त्याआधी महिनाभरात कोणत्या गोळ्या-सुया घेतल्या, आणि कोणतं मलम किती दिवस लावलं. लिहिता येत नसेल तर रिकामी पाकिटं एका पिशवीत जपून ठेवा. दवाखान्यात ती पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओता आणि विचारा: "माझी साखर तपासली का? माझ्या गोळ्यांमुळं हे होतंय का? माझं बी-१२ किती आहे?"

या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय नवीन मलम घेऊन घरी यायचं नाही. आणि उद्या सकाळची किटली डेअरीला जाण्याआधी तिच्यातून एक पेला आपल्यासाठी काढून ठेवायचा.